इरिटेटिंग बाबींची यादी

एखादं घर किती सुधारलं आहे, हे त्या घराला किती गोष्टींचा राग येतो यावरून मोजावं. आमच्या वेळी नळ गळला तर आम्ही वैतागायचो, डास चावला तर चिडायचो, शेजारी भांडला तर संतापायचो. शब्द निवडण्यातच निम्मा दिवस जायचा. आता या सगळ्याला मिळून 'इरिटेटिंग' हा एकच इंग्रजी शब्द आला आणि घरात सुटसुटीतपणा आला. (एका रविवारी मी मोजला. जेवणापर्यंत एकेचाळीस वेळा. त्यात नळ एकदाच.)

शब्दाचा योग्य विनियोग व्हावा म्हणून सुनेनं फ्रिजवर यादी लावली. ज्याला जे इरिटेटिंग वाटेल ते त्यानं लिहावं, खाली नाव घालू नये. रविवारी जाहीर वाचन. पाचांपैकी तिघांचे हात वर झाले की ती बाब घरातून बंद. अशा रीतीनं भिंतीवरचं घड्याळ, मुलाची शिट्टी आणि दारावरची घंटा बंद झाली. (पाहुणेही आपोआप कमी झाले.)

वाचनाचा मान माझा, सराव व्हावा म्हणून. सदुसष्टाव्या वर्षी अक्षरं शिकलो. बोट ठेवून, आवाज काढूनच वाचता येतं. सकाळचा पेपरही तसाच. बायकोला अक्षरओळख नाही, तिचा पेपर म्हणजे मीच.

त्या रविवारी पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. "आ-जो-बां-चं... मो-ठ्या-नं..."

"अहो, अडलात कुठं? वाचा की पुढं," बायको म्हणाली.

"वा-च-णं."

नातीला एकदम फ्रिजचं दार पुसावंसं वाटलं.

"बाबा, मनाला लावून घेऊ नका हं. प्रोसेस आहे ती," म्हणत सुनेनं हात वर केला. मग नातीनं. मुलानं अर्धाच केला. (अर्धा हात पूर्ण धरावा, असा नियम आहे.)

आता मी पेपरातले फोटो बघतो.

"काय म्हणतंय जग?" बायको विचारते.

"काही नाही."

"चार दिवस झाले, काहीच नाही?"

पुढच्या यादीत तिनं नातीकडून एक ओळ लिहून घेतली. पण वाचन माझ्याकडे आणि माझं वाचन बंद, त्यामुळे ती बाब सभेपुढे आलीच नाही. मी यादी घेऊन न्हाणीघरात गेलो, नळ सोडला आणि वाचली. 'घरातली शांतता.'

तुम्ही हे सगळं आवाज न काढता वाचलंत. सुधारलेलं घर दिसतं तुमचं. तुमच्या फ्रिजवरची यादी मात्र एकदा कोणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. मनातल्या मनात वाचताना माणूस स्वतःबद्दलची ओळ गाळतो.