आत्याच्या चालीचा ड्रॅगन

हे लिहिणारच नव्हतो. तीनदा टाइप केलं, तीनदा उडवलं. पण ऑफिसात या प्रकरणाच्या सात वेगवेगळ्या आवृत्त्या फिरतायत आणि सातहींमध्ये मी गाढव आहे. म्हणून ही आठवी, माझी स्वतःची. हिच्यातही मी गाढवच आहे, पण निदान खरा!

तर, मी ॲनिमेटर. कॉलेजबिलेज काही नाही. फुकटचे व्हिडिओ बघून, लोकांची कामं थांबवून-थांबवून बघून शिकलो. आमच्या स्टुडिओत एका प्रचंड कादंबरीवर सिनेमा चाललाय. अकराशे पानं! राजे, शापित तलवारी, बोलणारी जंगलं, सगळं काही. लिहिणाऱ्या बाई दातांच्या डॉक्टर आहेत. एक पेशंट उठून दुसरा बसेपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात त्यांनी वीस वर्षं ही कादंबरी लिहिली. अजूनही कुणी हसलं की आधी त्याच्या दाढा बघतात.

कादंबरीत एक ड्रॅगन आहे. नाव थोरला. वय नऊशे वर्षं, पंख केव्हाच झडलेले. गावातली शेवटची आग विझते तेव्हा हा म्हातारा स्वतःच्या पोटातली आग घेऊन डोंगर चढतो. उडत नाही. चालतो! एकशेदहा पानं नुसता चालतो. मी ती पानं चार वेळा वाचली आणि चारही वेळा नाक शिंकरलं.

आमचे साहेब मात्र म्हणाले, "चालणारा ड्रॅगन म्हणजे मोठी पाल! पंख लावा."

हे ऐकून खोडरबरचा चेहरा पडला. खोडरबर म्हणजे माझी मैत्रीण, शेजारच्या टेबलावर बसते. थोरला तिनं काढलाय. दोन वर्षं काढून खोडतेय, खोडून काढतेय, म्हणून हे नाव. पंख लावायचे म्हणजे तिचा थोरला कचऱ्यात आणि साहेबांनी बाहेरून मागवलेला तो गुटगुटीत, गुलाबी, फुलपाखराच्या पंखांचा प्राणी आत!

मी ताडकन उभा राहिलो. "थोरला चालेल!"

"कोण चालवणार?"

"मी! असा चालवतो की बघणाऱ्याचे गुडघे दुखतील!"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "आठ दिवस. शुक्रवारी बाई येतायत. करारात आहे, थोरला त्यांना पटायला हवा. चाल पटली तर ठीक. नाही पटली तर तिथल्या तिथे त्यांच्याकडून पंखांवर सही घेतो."

खोडरबर कुजबुजली, "गाढवा, तू आजवर चार पायांचं काय चालवलंयस?"

"टेबल," मी म्हणालो. एका जाहिरातीत चालवलं होतं. चांगलं चाललं होतं!

कामाला लागलो. आमच्यात एक पद्धत असते. कुठलीही हालचाल काढायच्या आधी ती खरी कुठे सापडते का बघायचं, तिचा व्हिडिओ घ्यायचा आणि तो पडद्याच्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत लावून त्याच्यावरून काम करायचं. मी हत्ती बघितले. वजन होतं, दुःख नव्हतं. मगरी बघितल्या. नुसता माज! शेवटी पाठीवर उशा बांधून घरभर स्वतःच रांगलो. आईला वाटलं माझं काहीतरी हरवलंय. तीही बिचारी कपाटाखाली शोधायला लागली. पंधरा मिनिटांनी म्हणाली, "अरे, पण काय शोधतोय आपण?"

चार दिवस गेले. हाती भोपळा!

पाचव्या दिवशी सकाळी मी जिन्यात हताश बसलो होतो आणि खालून आत्या आली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्याकडेच राहते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आत्याचे गुडघे तिच्या भाषेत "अगदी ठणठणीत" आहेत. ठणठणीत आत्या आधी उजवा पाय ठेवते. मग सगळा देह त्या पायावर नेते, जसं जहाज धक्क्याला लागतं. मग डावा पाय मागून येतो, नाराजीनं, बोलावल्याशिवाय आल्यासारखा. दर सहा पायऱ्यांनी थांबते आणि खिडकीतून बाहेर बघते, जणू देखावा बघायलाच थांबलीय. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत आहे. भिंत!

 हाच! हाच थोरला!

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? "आत्या, जरा व्हिडिओ घेऊ का?" असं विचारलं असतं. मी काय केलं? जिन्याच्या वळणावर खालच्यांच्या चपलांचं कपाट आहे. त्यातल्या एका बुटात मोबाइल उभा केला, कॅमेरा चालू केला आणि घरात जाऊन ओरडलो, "आत्या, खाली तुझं पार्सल आलंय!"

पार्सल नव्हतं. ती गेली, आली, मला शिव्या घातल्या. मला पाहिजे ते मिळालं होतं.

तीन दिवस मी जेवलो की नाही आठवत नाही. थोरला चालायला लागला. पंजा ठेवतोय, वजन नेतोय, मागचा पाय नाराजीनं येतोय. थांबून दरीकडे बघतोय, जणू देखाव्यासाठीच. खोडरबरनं पहिल्यांदा बघितलं आणि हातातलं खोडरबर चक्क टेबलावर ठेवलं.

"हा माझाच आहे," ती म्हणाली. "पण हा मला आधी का नाही भेटला?"

शुक्रवार उजाडला. मोठी खोली, मोठा पडदा, मधल्या खुर्चीत बाई, शेजारी साहेब, साहेबांच्या मांडीवर गुलाबी प्राण्याची फाइल. दिवे बंद. मी रुबाबात बटण दाबलं.

आता ती कोपऱ्यातली चौकट. काम झालं की ती बंद करून मगच दाखवायची फाइल तयार करायची असते. हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. म्हणजे ज्यांना कुणी शिकवतं, त्यांना!

पडद्यावर डोंगर. धुकं. थोरला. आणि उजव्या कोपऱ्यात, भिंतीएवढ्या पडद्यावर दरवाजाएवढी झालेली, आमची आत्या! पावलाला पाऊल जुळवून दोघं चढतायत. आवाजासकट! थोरल्यानं मान वळवून खालच्या अख्ख्या गावाकडे बघितलं आणि त्याच क्षणी खोलीभर आत्या गरजली:

"जिना आहे की गोदाम? सायकल उचला इथून, नाहीतर देईन खाली भिरकावून!"

 खोडरबरनं डोळे झाकले. साहेब अंधारातही लाल दिसत होते.

"ही... ही बाई कोण?" लेखिकाबाईंनी विचारलं.

साहेब तोंड उघडतात न उघडतात तोच बाई पुढे म्हणाल्या, "वीस वर्षं माझ्या डोक्यात हीच चाल आणि हाच आवाज होता! कुठून आणलंत यांना?"

साहेबांनी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं तेव्हा आत दुसरंच वाक्य तयार होतं. "ज्येष्ठ कलाकार आहेत. फार शोधून आणल्या. सहसा कुणाला भेटत नाहीत."

"मला भेटायचंय. उद्या अकराला आणा. त्यांना चालताना समोर बघते आणि लगेच सही करते."

बाई गेल्या. साहेब माझ्याकडे वळले. "कोण आहे ती?"

"आत्या."

"कुणाची?"

"माझी."

"तिला माहितीय?"

मी छताकडे बघितलं. छत स्वच्छ होतं.

"उद्या अकरा," साहेब म्हणाले. "आत्या नाही आली, तर पंख!"

संध्याकाळी घरी गेलो आणि आत्याला अर्धं खरं सांगितलं. "आमच्याकडे एक मोठ्या लेखिका आल्यात. त्यांना तुला भेटायचंय."

"मला? का?"

"तुझ्यासारखी माणसं त्यांना आवडतात."

आत्यानं मला नीट न्याहाळलं. पण स्तुतीपुढे भले भले विरघळतात. सकाळी बघतो तर काय! ठेवणीतले कपडे, केस चापूनचोपून बसवलेले, पायात नव्या करकरीत चपला. आणि चाल? ताठ! एक-दोन, एक-दोन, जणू परेडची पाहणी करायला निघालीय! ऑफिसच्या वीस पायऱ्या तिनं न थांबता चढल्या. वर पोचल्यावर चेहरा पांढराफटक, पण हसू जागच्या जागी. माझी पाचावर धारण बसली.

बाईंनी उठून स्वागत केलं. "जरा चालून दाखवता?"

आत्याला वाटलं ही थोरामोठ्यांची काहीतरी रीत असेल. ती खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. तरातरा!

बाईंचा चेहरा उतरला. "हे ते नाही."

साहेब गडबडले. "ताई, जरा कालच्यासारखं..."

"कालच्यासारखं म्हणजे?" आत्या थांबली. "काल मी कुठे आले होते?"

साहेब फाइल चाळायला लागले. साहेबांच्या सहायकाला मात्र नको तिथे हुशारी सुचली. "थांबा, लावतो," म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

दिवेसुद्धा बंद केले नव्हते. लख्ख उजेडात आत्यानं स्वतःला जिना चढताना बघितलं. शेजारी ड्रॅगन. उजवा पाय, देह, नाराज डावा पाय. खिडकी. भिंत. सायकलवरचं भाषण. सगळं संपेपर्यंत ती हलली नाही.

"माफी माग," साहेब दातांतल्या दातांत म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. म्हणावं चूक झाली, ही चाल काढून टाकतो."

आणि इथे माझं डोकं फिरलं. हो, फिरलं! पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा फिरेल!

"आत्या," मी म्हणालो, "चोरून व्हिडिओ काढला, पार्सलचं खोटं बोललो, काल अर्धंच सांगितलं. या तिन्हीची माफी मागतो. म्हणशील तितक्या वेळा. पण या चालीची नाही मागणार! एका पावलाचीही नाही! अख्ख्या कादंबरीत यांच्या तलवारी आहेत, जादू आहे, राजे आहेत, पण सगळ्यात शूर कोण असेल तर हा चालणारा म्हातारा आहे. आणि तो मला कुठल्या हत्तीत नाही सापडला. आपल्या जिन्यात सापडला!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. खोडरबरनं श्वास रोखून धरला. तिची दोन वर्षं त्या खोलीत उभी होती आणि तीही खुर्चीला धरून.

आत्यानं पडद्यावरच्या थोरल्याकडे बोट केलं. मग म्हणाली, "हा पालीसारखा दिसणारा कुठे चाललाय?"

"वर. गावासाठी आग घेऊन."

"एकटाच?"

"हो."

"दुखत असेल त्याला."

"खूप. पण कुणाला कळू देत नाही."

"मग चुकलायस तू," आत्या म्हणाली. "इथे थांबतो ना, खडकाला पंजा टेकतो, तिथे बोटं पसरलीयस. पसरली की लोकांना कळतं, आधार घेतलाय. मूठ मिटून टेकायची. म्हणजे बघणाऱ्याला वाटतं, सहज लागला हात." तिनं शेजारच्या भिंतीला मूठ लावली. "अशी."

लख्ख दिसलं. तीन दिवस तो व्हिडिओ शंभर वेळा बघितला मी आणि ती मूठ मला दिसली नव्हती. आणि त्या घरात मी लहानाचा मोठा झालोय.

बाईंनी चष्मा पुसला. पेन काढलं.

"शेवटी फक्त छोटेसे पंख..." साहेबांनी चिवटपणे गुलाबी फाइल पुढे सरकवली.

"पंख लावलेत," आत्या म्हणाली, "तर आमचा जिना तुम्ही चढायचा. रोज. तीस वर्षं." आणि तिनं अख्ख्या ऑफिसासमोर नव्या चपला काढल्या, उजवा पाय ठेवला, देह त्यावर नेला आणि खुर्चीपर्यंत आपल्या खऱ्या चालीनं गेली.

सही झाली. खोडरबर रडली आणि मी रडलो नाही, असं मी सगळ्यांना सांगतोय.

पण गोष्ट इथे गोड होऊन संपली असं समजू नका! आत्या घरात माझ्याशी बोलत नाही. तीन आठवडे झाले. बोलते ती फक्त ऑफिसात, कारण ती आता दर शनिवारी येते आणि साहेबांच्या खुर्चीत बसते. "शेपटी आळशी आहे." "मान आधी, डोळे नंतर." "हा जांभई का देतोय, तुझ्यासारखा?" बाई तिला विचारल्याशिवाय मान हलवत नाहीत. दोघी मिळून साहेबांच्या खालच्या दाढेवर चर्चा करतात. अख्खं दृश्य मी सहा वेळा नव्यानं केलंय. सहा! काल सातवी यादी मिळाली, दोन पानी.

काल दुपारी ती यादी घेऊन मी कॅन्टीनमध्ये बसलो होतो, तर समोर खोडरबर येऊन बसली आणि माझ्याकडे रोखून बघायला लागली.

"काय?"

"विचार करत होते. तू आत्याला सोडलं नाहीस. मला सोडलं असशील?"

"काहीतरीच काय!"

"माझ्याकडे बघून बोल."

बघणार कसा? खोडरबरला शिंक येते तेव्हा ती दोन्ही हात वर करून, डोळे मिटून, अख्ख्या खोलीला थांबवते, वाहतूक पोलिसासारखी. मग सात-आठ सेकंद काहीच होत नाही. मग उंदराएवढी शिंक येते. आणि चाळीसाव्या सीनमध्ये मी केलेला बेडकांचा राजा युद्ध पुकारायच्या आधी नेमकं हेच करतो. तो सीन रंगवून झालाय. बाईंना पटलाय. आत्यानं तर त्यात एकही चूक काढलेली नाही.

खोडरबरनं हात पुढे केला. "वचन दे. मला विचारल्याशिवाय माझं काहीही, कुठल्याही प्राण्यात घालणार नाहीस."

मी तिच्या हातावर हात ठेवला. अगदी मनापासून.

"इथून पुढे," मी म्हणालो, "कधीच नाही. वचन!"