फाटकापाशी उभी राहिलेली गाय

"यंदा माझ्या बरगड्यांचा वास नदीपलीकडे गेला नाही, तर बर्तोलोत्ती आडनाव लावणार नाही!"

ही गर्जना नासारेनोने क्लबाच्या पडवीत टेबलावर मूठ आपटून केली. समोरच्या वाइनच्या पेल्यांनी जागच्या जागी उडी मारली, आणि पेल्यांच्या मालकांनी मान डोलावली. कारण आमच्या रोसारियो शहरात माणसाच्या बायकोचं नाव विसरलात तरी एक वेळ चालेल, पण त्याच्या निखाऱ्यांना नाव ठेवलेलं चालत नाही!

नासारेनो बस डेपोतून निवृत्त झाला तेव्हा त्याला निरोपाचा हारही नीट मिळाला नव्हता. पण रविवारी तो क्लबाच्या शेगडीपाशी चिमटा घेऊन उभा राहिला की त्याचा सेनापती व्हायचा. एकीकडे लाकडं पेटताहेत, दुसरीकडे निखारे ओढून जाळीखाली पसरले जाताहेत, वर अख्ख्या बरगड्या सावकाश भाजताहेत. या सोहळ्याला आम्ही आसादो म्हणतो, आणि त्याला घाई केलेली खपत नाही. मांस पानात पडलं की कुणीतरी ओरडतं, "आसादोवाल्याला टाळ्या!" आणि सगळा क्लब टाळ्या पिटतो. कोशिंबिरी कुणी चिरल्या, भांडी कुणी घासली, याला टाळ्या वाजवायची आमच्यात पद्धत नाही.

तर क्लबाचा वर्धापनदिन आला होता. अर्धी वस्ती जेवायला यायची होती. आणि नेमकी तेव्हाच नासारेनोचा मित्र तुल्यो बातमी घेऊन आला.

"अरे नासारेनो, रविवारी ते प्राणीवाले येणार आहेत."

"कोण?"

"तेच रे. पालापाचोळा खाणारे! फाटकासमोर उभे राहून घोषणा देणार म्हणे."

नासारेनोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या आगीसमोर? येऊ देत! एकेकाला लोणच्यासारखा मुरवतो!"

रविवारी सकाळी तो चिमटा काखेत मारून निघाला, तेव्हा बायको एल्विरा अंथरुणातच होती.

"माझं डोकं ठणकतंय," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "मी येत नाही."

"बरं. आणि बटाट्याची कोशिंबीर?"

"फ्रीजमध्ये आहे."

"मग झोप निवांत!" नासारेनो म्हणाला, आणि पातेलं उचलून चालू लागला. आपण बायकोची चांगली विचारपूस केली, असं त्याला खरोखर वाटत होतं.

दुपार व्हायला आली तसे ते आले. चार-पाच तरुण पोरंपोरी, हातात फलक, आणि सगळ्यांत पुढे मालेना नावाची एक काडीसारखी मुलगी. अंगाने काडी, पण कर्णा तोंडाला लावला की आगगाडी! आणि त्यांच्या मधोमध एक गाय. म्हणजे गाईचा पोशाख घातलेलं कुणीतरी. कापडी अंग, पुठ्ठ्याचं भलंमोठं डोकं, त्यातलं एक शिंग लुळं पडलेलं. गाय गप्प होती. तिच्या हातातल्या फलकावर लिहिलं होतं, 'माझं वासरू कुठे आहे?'

"त्या वासराला आई होती!" मालेना कर्ण्यातून कडाडली.

"मलाही होती!" नासारेनो शेगडीपासून ओरडला. "आणि तिनेच मला वासरू खायला शिकवलं!"

क्लब खदखदून हसला. नासारेनोला चेव चढला. चिमटा परजत तो फाटकापाशी गेला.

"काका, प्राणी आमचे मित्र आहेत. मित्रांना कुणी खातं का?"

"आम्हीही मित्रांना खात नाही, पोरी. मित्रांना खाऊ घालतो!"

"तुमची दोन तासांची चैन, आणि त्याचा जीव गेला!"

"आणि तुझ्या पायांतले बूट? ते काय झाडाला लागले?"

"रबराचे आहेत!"

"मग चघळ ते! मसुरापेक्षा चवीला बरे लागतील!"

पुन्हा हशा. मालेनाचे डोळे रागाने भरून आले. तिने कर्णा खाली केला आणि साध्या आवाजात म्हणाली, "तुम्ही कधी कत्तलखाना आतून पाहिलाय, काका? एकदा तरी?"

नासारेनोने पाहिला नव्हता. आणि उत्तर नसलं की माणूस काय करतो? जो बोलत नाही त्याच्यावर जाऊन पडतो! तो गाईकडे वळला.

"आणि तू गं, शिंगमोडे? कधीची बघतोय, मुखस्तंभासारखी उभी आहेस. वासरू शोधतेस का? ते बघ तिथं! जाळीवर, डाव्या बाजूला! अजून जरासं कच्चं आहे, थांब, शिजलं की हाक मारतो!"

क्लब असा हसला की छपरावरची कबुतरं उडाली. गाय मात्र हसली नाही. ती दोन पावलं पुढे आली, आणि हातातला फलक तिने नासारेनोच्या टाळक्यात हाणला. असा हाणला की 'वासरू' एकीकडे गेलं आणि 'कुठे आहे' त्याच्या गळ्यात अडकलं!

मग नासारेनो बोंबलला, "तुल्यो! पाइप! पाणी सोड!"

फुटबॉलच्या मैदानाला पाणी मारायचा तो पाइप. सापासारखा लांब, आणि स्वभावही तसाच. तुल्योने विचारलं, "किती सोडू?"

"पूर्ण!"

हा हुकूम म्हणजे नासारेनोच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी घोडचूक. पहिला फवारा बरोबर गाईच्या तोंडावर बसला. गाय मागे कोलमडली. पण दुसऱ्या क्षणी पाण्याचा असा काही जोर आला की पाइपने नासारेनोलाच उचलून गरकन फिरवलं. अध्यक्ष स्कार्पेली भाषणाचा कागद घेऊन उभे होते. त्यांचा पांढरा सूट आधी भिजला, मग कागद. मग ढोलवाला. मग केकावरचं क्लबाचं बोधचिन्ह वाहून गेलं. "बंद कर! बंद कर!" नासारेनो किंचाळत होता, आणि तुल्यो घाबरून नळ उलट्या बाजूला पिळत होता!

आणि मग पाइपचं तोंड शेगडीकडे वळलं.

फुस्स्स! असा आवाज झाला की जणू आगगाडीचं इंजिन मेलं. राखेचा पांढरा ढग उठला. तो खाली बसला तेव्हा सकाळपासून जपलेल्या निखाऱ्यांचा काळा चिखल झाला होता, आणि बरगड्या राखेने माखून, वरून शिजलेल्या आणि आतून रक्ताळलेल्या, नासारेनोकडे बघत होत्या. अर्धी वस्ती उपाशी!

नासारेनोच्या डोळ्यांत धूर आणि राख गेली होती. घळाघळा पाणी वाहत होतं. तशातच त्याला दिसलं, फाटकापाशी गाय गुडघ्यांवर बसून हात झाडते आहे. पुठ्ठ्याचं डोकं भिजून फुगलं होतं, आणि आतला माणूस गुदमरत होता. राग असला तरी नासारेनो काही खुनी नव्हता. तो धावला, दोन्ही हातांनी गाईच्या गळ्याला मिठी मारली, आणि सगळी ताकद लावून डोकं उपटलं.

आत एल्विरा होती.

"तुझं..." नासारेनोच्या हातात गाईचं डोकं तसंच होतं. "तुझं डोकं दुखत होतं ना?"

"आता दुखतंय!" एल्विरा खोकत खोकत म्हणाली. "तू मला बैलासारखं पाणी मारलंस!"

"तू मला फलक मारलास!"

"तू काय बोललास ते आठव आधी! म्हणे कच्चं आहे, हाक मारतो!"

"अगं, पण तू! माझी बायको! ह्या पालापाचोळ्यात? कधीपासून?"

एल्विराने तोंडावरचे भिजलेले केस मागे सारले. "गेल्या हिवाळ्यात भावाच्या शेतावर गेले होते ना? त्याने वासरं विकली. रात्रभर त्यांच्या आया कुंपणापाशी हंबरत होत्या. सकाळी पाहते तर घसा बसलेला, तरी तोंडं उघडून उभ्याच. तेव्हापासून मी मांसाला तोंड लावलं नाही, नासारेनो."

"खोटं! दर रविवारी मी तुला सगळ्यांत चांगला तुकडा वाढतो!"

"वाढतोस. आणि वाढून टाळ्या घ्यायला जातोस. एकदा तरी वळून पाहिलंस, माझ्या पानात काय होतं?"

"मग तो तुकडा खातो कोण?"

"शेजारचा कोरोनेल."

कोरोनेल म्हणजे शेजाऱ्यांचा कुत्रा. तो वर्षभरात पिंपासारखा का फुगला, यावर नासारेनोने स्वतः शेजाऱ्यांना थायरॉइड तपासायचा सल्ला दिला होता!

तेवढ्यात ठिबकणारे अध्यक्ष पुढे आले. "नासारेनो," ते दात-ओठ खात म्हणाले, "चिमटा खाली ठेव."

"अध्यक्षसाहेब, पाइप..."

"चिमटा!"

नासारेनोने चिमटा दिला. हात रिकामा झाला, आणि इतका हलका वाटला की त्याचं काय करावं हेच त्याला कळेना.

पोटं तर रिकामी होतीच. मालेनाच्या टोळीने स्वतःसाठी मसूर भरलेल्या एम्पानाडा आणल्या होत्या, करंज्याच म्हणा. तिने काही न बोलता खोकं फाटकावरून आत दिलं. आधी कुणी हात लावेना. मग एकाने लावला. "शी! गवत आहे नुसतं!" असं म्हणून त्याने दुसरी उचलली. सगळे शिव्या देत देत खात होते, आणि खोकं भराभर रिकामं होत होतं. कोपऱ्यात पाठ करून तुल्योही चावत होता.

"गद्दार!" नासारेनो ओरडला.

"भूक लागलीये रे," तुल्यो भरल्या तोंडाने म्हणाला. "थोडं तिखट हवं होतं."

घरी दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. दारं बोलली. एक बेडरूमचं, एक स्वयंपाकघराचं. गाईचं डोकं वाळायला म्हणून एल्विराने फ्रीजवर ठेवलं, आणि नासारेनो पाणी प्यायला गेला की ते त्याच्याकडे लुळ्या शिंगाने पाहत बसे.

इथे खरं तर प्रकरण संपायला हवं होतं. पण रस्त्यापलीकडच्या फुलवालीने मोबाइलवर सगळं टिपलं होतं. सगळं म्हणजे, पाइप शेगडीकडे वळला तिथपासून ते गाईच्या गळ्यातल्या मिठीपर्यंतच! त्या चित्रफितीत काय दिसत होतं? एक म्हातारा आसादोवाला स्वतःच्या हाताने स्वतःची आग विझवतो. ढसाढसा रडतो. धावत जातो आणि गाईच्या गळ्यात पडतो!

दोन दिवसांत अख्ख्या देशाने ते पाहिलं. अनोळखी बायका रस्त्यात थांबवून नासारेनोचे गाल ओढू लागल्या. मालेनाच्या संघटनेने त्याला मानद सभासद केलं. क्लबाने त्याचा फोटो भिंतीवरून काढला. आणि नेहमीच्या खाटकाने त्याला दुकानाच्या पायरीवरच अडवलं.

"माफ करा," तो हात पुसत म्हणाला. "तुमच्यासारख्या संताला देण्याजोगं आमच्याकडे काही नाही."

"अरे गाढवा, मला पाव किलो सॉसेज दे!"

"परीक्षा घेताय? मला माझ्या धंद्याची लाज नाही. चला, निघा!"

नासारेनो संतापाने नुसता धुमसत घरी आला, तर फोन वाजत होता. रेडिओवरच्या सकाळच्या कार्यक्रमाची बाई होती. त्याची मुलाखत हवी होती, थेट प्रसारण, आत्ता!

"देतो!" नासारेनो गरजला. "सगळं खरं सांगतो! पाण्याचा जोर..."

"सांग ना," एल्विरा दारातून म्हणाली. त्या दिवसानंतरचं तिचं पहिलं वाक्य. "सांग अख्ख्या देशाला की मी आग विझवली नाही, मी बाईमाणसावर पाइप सोडला होता. आणि ती माझीच बायको निघाली. सांग."

नासारेनोने फोनवर हात ठेवला. एका बाजूला मसुराचा संत, दुसऱ्या बाजूला बायकोला न ओळखणारा मूर्ख. आमच्याकडे दोन्ही सारखंच लाजिरवाणं.

"नासारेनो महाशय, ऐकू येतंय ना?" बाई मधाळ आवाजात म्हणाली. "आम्हाला फक्त एवढं सांगा, ती गाय तुम्हाला असं काय बोलली, की तुमचं मन पालटलं?"

नासारेनोने एल्विराकडे पाहिलं. ती हाताची घडी घालून उभी होती. गेल्या वर्षात ती बरीच वाळली होती, हे त्याला आत्ता दिसलं.

"ती बोललीच नाही," तो म्हणाला. "वर्षभर गप्प होती. मीच कधी वळून पाहिलं नाही."

पलीकडून बाईने नाक ओढल्याचा आवाज आला. एल्विराच्या हातांची घडी सुटली. ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली, आणि तिने त्याच्या मानेवरचा फलकाचा ओरखडा बोटाने चाचपला. नासारेनोला वाटलं, आता कुठे सगळं मार्गी लागलं.

"किती सुंदर बोललात!" बाई भारावून म्हणाली. "आता बघा, आमच्या कार्यक्रमाचे प्रायोजक मांसविक्रेते आहेत, आणि प्रत्येक पाहुण्याला त्यांच्या दुकानातून पाच किलो बरगड्या भेट द्यायचा आमचा रिवाज आहे. पण तुम्ही त्या नाकारणार, हे अख्ख्या देशाला ठाऊकच आहे! हो ना?"

अख्खा देश ऐकत होता. एल्विरा बघत होती. त्या रविवारपासून नासारेनोच्या पोटात मसूर आणि पालक यांखेरीज काहीही गेलं नव्हतं.

त्याने फोन तोंडाच्या अगदी जवळ धरला आणि तोंडावर हात आडवा लावून हळूच विचारलं,

"दुकान किती वाजता बंद होतं?"