तांबियाचे मुकुटाची व मुदपाकखान्याचे पळीची हकीकत

श्रीजलदेवता व वीजबाई उभयतां साक्ष. शके सतराशे नव्याण्णव, ईश्वरनाम संवत्सरे, भाद्रपदमासी अमुक एके राज्यी ऐसे वर्तमान जाहले जे, महाराजांचा तांबियाचा मुकुट चिंच लावून घासघासून कांठास झिजला, आणि दरबारी मंडळींनी खल केला की, दसऱ्यास पाहुणे राजे येणार, मुकुट जाड पाहिजे. महाराजांस कोणी पुसिले नाही. पुसावयाची चाल नव्हती. मग त्रिंबकपंत रसायनी पुढे होऊन बोलिले, "दसऱ्यास मुकुट न भरला तर आमची वृत्ती खालसा करावी." मग काचेचे हौदात मोरचुदाचे निळे पाणी भरिले आणि विजेचे पेटीच्या दोन तारा आणिल्या, एक धन, एक ऋण. रीत ऐसी की, धन तारेस टांगिले तांबे कणकण विरघळून पाण्यात उतरते, आणि तितकेच तांबे पाण्यातून ऋण तारेवरील वस्तूस जाऊन बिलगते. पाणी होते तैसेच निळे राहते. सबब पंतांनी डावीकडे ऋण तारेस मुकुट टांगिला, उजवीकडे धन तारेस गोदूबाई मुदपाकवालीची थोरली तांबियाची पळी उसनी आणोन टांगिली, आणि जेवावयास गेले.

इतक्यात जोत्याजीराव मानकरी, ज्यांजकडे दरबारचे बैठकीची व्यवस्था, ते आले. पाहतात तो पळी उजवीकडे! "मुकुट डावीकडे आणि पळी मानाचे जागी? राज्य बुडाले की काय?" ऐसे म्हणोन स्वहस्ते अदलाबदल केली, मुकुटास मुजरा केला आणि मिशीस पीळ देत गेले. मग पंत ढेकर देत आले आणि न पाहताच दालनास कुलूप घातले.

दसऱ्याचे सकाळी कुलूप काढिले तो मुकुट कागदासारखा, नक्षीचे मोर नाहीसे, आणि पळी गरगरीत. गोदूबाई म्हणाली, "पंत, काय खाऊ घातलंत हिला? पहिलटकरणीसारखी भरली की!"

मागे जोत्याजीराव उभे होते, त्यांजकडे पंत वळले. "रावसाहेब, तारा कोणी बदलल्या?"

"तारांस आम्ही शिवलो नाही. मुकुटास मानाने बसविले, इतकेच."

"उलट टांगिले तर तांबे परत येईल हो, पण महिना पाहिजे!"

आणि पाहुणे तो वेशीत. मग तोच मुकुट महाराजांचे मस्तकी चढविला. महाराजांनी मान उजवीकडे वळविली, मग डावीकडे वळविली, आणि हसून बोलिले, "पंत, गादीवर बसल्यापासून आज प्रथम डावीकडचा पाहुणा दिसला. पुन्हा जाड कराल तर मात्र वृत्ती खालसा!"

एवंच, राज्याचे तांबे वाढले नाही, घटले नाही. महाराजांचे मानेवरून उतरोन गोदूबाईचे पदरी पडले. पळी उचलावयास मात्र आजही जोत्याजीरावांसच बोलावितात.