सातव्या जागेवरची आत्या

"पोती असोत, पिंपं असोत नाहीतर माणसं असोत, मोजण्यात माझी चूक काढून दाखवा, इथल्या इथं मिशी उतरवून देतो!"

अण्णांचं हे वाक्य गोदामातल्या हमालांना पाठ होतं, घरातल्यांना पाठ होतं आणि त्या रविवारी सकाळी ते भाड्याच्या व्हॅनच्या ड्रायव्हरलाही ऐकावं लागलं. मिशीही काही साधीसुधी नव्हे! दोन्ही गालांवर दोन खारी शेपट्या टाकून झोपल्या आहेत असं वाटावं, अशी! आणि मंडळी, देवाचा कान अशा वाक्यांना फार तिखट असतो. गाऱ्हाणं घातलं तर एक वेळ उशिरा ऐकेल, पण कोणी फुशारकी मारली की हातातली कामं टाकून उठतो.

अण्णा गोदामप्रमुख. बदली होऊन नव्या शहरात आले ते पलटण घेऊनच. ते स्वतः, बायको माई, धाकटा भाऊ, त्याची बायको धाकटी, दोघा भावांची मिळून सहा मुलं, आणि अण्णांना आईविना लहानाचं मोठं करणारी आत्या. अशी अकरा माणसं कंपनीच्या पाहुणेघरातल्या दोन खोल्यांत, भरल्या पेटीत आणखी एक सदरा कोंबावा तशी राहत होती. त्या खोल्या सोमवारी सकाळी रिकाम्या करायच्या होत्या. म्हणजे उपनगर, घर आणि घरमालक, तिन्ही एका रविवारात शोधायचे!

"दोन ठिकाणी दोन लहान घरं घ्या की," असं साहेबांनी सुचवलं होतं. अण्णा तिथल्या तिथे तापले होते. "एका चुलीवरची माणसं दोन उपनगरांत ठेवू? कुटुंब आहे साहेब, जास्तीचा माल नव्हे!"

व्हॅनमध्येही गोदामाचीच शिस्त. प्रत्येक जागेला आकडा. गाडी सुटण्याआधी एकापासून अकरापर्यंत सगळ्यांनी ओरडायचं. मुलांनी आकड्याखेरीज अवाक्षर काढायचं नाही. आत्याला मधल्या रांगेतली खिडकी मिळाली. सात नंबर.

"ज्याला न्हाऊमाखू घातलं, तो मला सातवी म्हणतो," आत्या म्हणाली. "बरं बाबा. सात!"

पहिलं उपनगर नवंकोरं होतं. झाडंसुद्धा अजून काठ्यांना बांधलेली. घरमालक फाटकात उभा होता. व्हॅनचं दार उघडलं, माणसं उतरू लागली, उतरतच राहिली, तसतसं त्याचं तोंड उघडत गेलं.

"शाळेची सहल आहे का?" त्यानं विचारलं.

"कुटुंब आहे!" अण्णा गरजले.

"कोणाकोणाचं?"

झालं! अण्णांनी त्या उपनगराकडे पाठ फिरवली. ज्या गावात अकरा माणसं म्हणजे सहल, तिथे राहायचं नाही!

दुसरं उपनगर नदीकाठचं. घर ऐसपैस, खोल्या हवेशीर, माई आणि धाकटी एकाच वेळी खूष. असा योग दहा वर्षांत जुळला नव्हता. घरमालकीणबाईंनी सगळ्यांवरून सावकाश नजर फिरवली आणि म्हणाल्या, "दहा चालतील. अकरा नाही. आमची टाकी दहा माणसांची आहे."

"टाकीला माणसं मोजता येतात का हो?" अण्णा कडाडले.

"टाकीला नाही, मला येतात," बाई म्हणाल्या आणि त्यांची नजर अलगद आत्यावर जाऊन थांबली. "एखादं माणूस दुसऱ्या कोणा नातेवाइकाकडे राहील, नाही का?"

आता खरं तर अण्णांनी आकाश डोक्यावर घ्यायचं. पण त्यांच्या डोळ्यांपुढे सोमवारची सकाळ आली, रस्त्यावर मांडलेल्या वळकट्या आल्या आणि त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"बघू."

एवढंच. पण आत्याच्या कानांना अजून चष्मा लागलेला नव्हता!

व्हॅनमध्ये बसल्यावर जे व्हायचं ते झालं. माई म्हणाल्या, "बघू म्हणजे काय बघू?" भाऊ म्हणाला, "दादा, घर हातचं घालवू नकोस." धाकटी म्हणाली, "म्हणजे आत्यांना घालवायचं?" भाऊ म्हणाला, "मी असं कुठे म्हटलं?" अण्णा म्हणाले, "गप्प बसा सगळे!" आणि सगळे गप्प बसले, ते असे की प्रत्येकाचं तोंड वेगळ्या खिडकीकडे. आत्या शाल आवळून बसून राहिली.

तिसरं उपनगर टेकडीवर होतं आणि वाटेत रेल्वेचं फाटक. त्या फाटकाजवळच्या वस्तीवर अण्णांनी सकाळीच फुली मारली होती. "दिवसरात्र शिट्ट्या, धूळ, गर्दी! तिथे माणसं राहतात की डबे?" नेमक्या त्याच वस्तीत इंजिनानं वाफ सोडली. ड्रायव्हर बादली घेऊन पाणी शोधायला गेला. मोठी माणसं रुसव्यात गढलेली, मुलं नियमानं मुकी. आत्या शाल जागेवर ठेवून हळूच उतरली आणि समोरच्या घराकडे घोटभर पाणी मागायला गेली.

तेवढ्यात ड्रायव्हरनं पळत येऊन इंजिनात पाणी ओतलं. "फाटक उघडलंय! आता पडलं तर बसा मुक्कामाला!" मागच्या गाड्यांनी भोंग्यांचा एकच कल्ला केला.

"मोजणी!" अण्णा पुढच्या सीटवरून ओरडले. मागे वळून बघण्याची त्यांना गरजच नव्हती. पद्धत होती ना! "एक!"

"दोन." हा माईंचा फुरंगटलेला आवाज. तीन, चार, पाच, सहा झाले. मग क्षणभर शांतता. आणि मग, काचा थरथराव्यात असा आवाज आला, "सात!"

आठपासून अकरापर्यंत मुलांनी उरकलं. अकरा भरले. गाडी सुटली.

अण्णांच्या मनाला मात्र तो सात लागला. केवढा जाड आवाज झाला हो आत्याचा! रागानं घसा बसला असणार. चूक आपलीच. पण माफी मागायची तर बायको, भाऊ, भावजय यांच्यासमोर? टेकडीवर गेल्यावर बघू.

एवढ्यात मागून चिमणी, म्हणजे अण्णांचं शेंडेफळ, हळूच म्हणाली, "अण्णा, आत्याला मिशी आलीय."

"चिमणे!" अण्णा भडकले. "म्हाताऱ्या माणसाची चेष्टा? तीही आजच्या दिवशी? आकड्याखेरीज एक शब्द नको!"

"अकरा," चिमणी रडवेली होऊन म्हणाली.

टेकडीवर दलाल वाट पाहत होता. सगळे उतरले. सर्वांत शेवटी आत्याची शाल उतरली. शालीखाली पांढरा शर्ट होता, पांढरी पँट होती, गळ्यात शिट्टी होती आणि चिमणीनं म्हटल्याप्रमाणे मिशी होती! उंच, काटक म्हातारबुवांनी शाल नीट घडी करून खांद्यावर टाकली, टाचा जुळवल्या, हात डोक्यावर नेले आणि मोठा श्वास घेतला.

दलाल म्हणाला, "आजोबांची तब्येत छान आहे हो!"

"हे आमचे आजोबा नाहीत!" अण्णा किंचाळले. "कोण तुम्ही? माझ्या आत्याच्या जागी का बसलात?"

"जागा रिकामी होती. पाय दुखत होते."

"मग सात का म्हणालात?"

म्हातारबुवांनी अण्णांकडे अशा काही नवलानं पाहिलं की जणू दोन आणि दोन किती असं विचारलंय. "कारण सहा होऊन गेले होते! जन्मभर शाळेत कवायत घेतली मी. सहानंतर रांग थांबली की माझ्या छातीत कळ येते."

"अहो पण तुम्ही जागे होतात तर बोलायचं ना!"

"जागा कुठला? झोपेतच म्हणालो."

माई पुढे झाल्या. "तुम्ही 'बघू' म्हणालात ना? आत्यांनी बघून घेतलं! गेल्या त्या घर सोडून!"

"घर आहेच कुठे सोडायला!" अण्णा ओरडले खरे, पण आवाज मध्येच चिरकला. आईच्या जागी असलेलं ते एकच माणूस, आणि त्याला आपण एका टाकीच्या पाण्यापायी तोलून पाहिलं! जगातल्या सगळ्या टाक्या फोडाव्यात असा संताप त्यांना आला आणि त्यातला बराचसा स्वतःवरचाच होता.

"गाडी फिरवा!"

"अहो, घर तर बघा!" दलाल म्हणाला.

"तुम्हीच राहा त्यात!"

गाडी फाटकाशी आली तर फाटक पडलेलं. पलीकडे ही गर्दी! एका हातात वस्तरा घेतलेला न्हावी, पीठ माखलेला गिरणीवाला, आणि सर्वांत पुढे गळ्यात शिवणकामाची टेप लटकवलेली एक बाई. तिनं व्हॅन ओळखली.

"हीच ती गाडी! बाबांना पळवलं यांनी!"

"पळवलं?" अण्णा लाल झाले. "ते स्वतः येऊन बसले! उलट माझी आत्या..."

पुढचे शब्द मालगाडीनं खाल्ले. मालगाडी कसली, शेषनागच तो! दोन डब्यांमधल्या फटीतून काय दिसेल तेवढंच दिसायचं आणि ऐकू येईल तेवढंच ऐकू यायचं.

"...लाज नाही वाटत? म्हाताऱ्या माणसाला..." धडधड धडधड.

"...माझी आत्या परत द्या, मग..." धडधड धडधड.

"...आधी बाबा!" धडधड धडधड.

"...वस्तरा खाली ठेवा आधी तो!"

शेवटचा डबा गेला, फाटक वर झालं आणि दोन्ही पलटणी समोरासमोर आल्या. मुलगी बापाकडे धावली. म्हातारबुवांनी, म्हणजे कवायतीच्या सरांनी, शिट्टी फुंकली आणि म्हणाले, "रांगेत या!" आणि देवाशप्पथ, गर्दी अर्धवट रांगेत उभी राहिली! अर्ध्या वस्तीला त्यांनीच तर शिकवलं होतं.

अण्णा मात्र समोरच्या ओट्याकडे पळाले. आत्या पाय पसरून चहा पीत बसली होती.

"आत्या! तू रागावून गेलीस?"

"रागावून कशाला जाऊ? पाणी प्यायला गेले होते. बाहेर येते तो गाडी गायब. तेवढ्यात ही पोर बाप हरवला म्हणून रडायला लागली आणि गिरणीवाला म्हणाला, सर त्याच गाडीत चढले. मी म्हटलं, रडू नको. माझा भाचा माणसं मोजण्यात पटाईत आहे. एक बदललेलं माणूस त्याला पुढच्या वळणावरच कळेल."

अण्णांचा हात मिशीकडे गेला.

"पुढच्या वळणावर कळलं ना रे?"

"टेकडीवर कळलं," चिमणीनं नियम मोडला. "मी आधीच सांगितलं होतं."

आत्यानं कप खाली ठेवला. हसली नाही, ओरडली नाही. नुसतं पाहिलं. पोलिसानं चार तास चौकशी करावी आणि आत्यानं एकदा पाहावं, सारखंच!

"आत्या, त्या बाईसमोर मी 'बघू' म्हणालो, ते..."

"ऐकलं मी."

"चुकलं माझं." सगळ्यांसमोर म्हणाले हो अण्णा! बायको, भाऊ, भावजय, न्हावी, गिरणीवाला, सगळ्यांसमोर. डोळेही पुसले, पण ते धुळीनं असं नंतर सांगतात.

सरांची मुलगी ओट्यावर आली. "यांना मी वरचा मजला दाखवला. बाबांच्या शाळेतली लांबच्या गावांची मुलं पूर्वी तिथे राहायची. मोठमोठ्या खोल्या आहेत, पण शिट्ट्यांमुळे कोणी टिकत नाही. मी शिवणयंत्रावर बसले की बाबा कुठे निघून जातात ते मला कळत नाही, घरात माणसं असली तर त्यांच्यावर लक्ष राहील. यांनी पसंत केलाय मजला."

"कोणी? आत्यानं?" अण्णांचा संताप परत जागेवर आला. "या फाटकापाशी? उपनगर निवडायचं मी ठरवलंय! आणि अकरा माणसं आहोत आम्ही, तुमची टाकी..."

"टाकी नाही. विहीर आहे," ती म्हणाली.

"तरीही! शिट्ट्या! धूळ! मी इथे मुळीच राहणार नाही, सांगून ठेवतो आत्या!"

आत्यानं कप उचलला, उरलेला घोट घेतला आणि शांतपणे म्हणाली, "बघू."

सोमवारी सकाळी वळकट्या फाटकाजवळच्या घरात आल्या. मंडळी, आपण घर शोधतो म्हणतो. पण तहानलेल्याला नावगाव न विचारता पाणी देतं, तेच घर आपल्याला शोधत आलेलं असतं. हे मात्र अण्णांसमोर बोलू नका. ते अजून म्हणतात, इंजिन तापलं नसतं तर टेकडीवर राहिलो असतो!

संध्याकाळी अंगणात सरांची शिट्टी वाजली. सगळी मंडळी आणि सरांची मुलगी रांगेत उभी राहिली. सरांनी सर्वांत पुढे आत्याला उभं केलं. अण्णा तेवढे उशिरा आले, थेट न्हाव्याच्या दुकानातून. शब्द म्हणजे शब्द! नाकाखालची जागा सोललेल्या बटाट्यासारखी चकाकत होती. माईंनी पदर तोंडाला लावला. अण्णा ताठ मानेनं पहिल्या जागेकडे निघाले.

सरांनी त्यांना खालून वर न्याहाळलं.

"नवीन दिसतोस रे. शेवटी उभा राहा!"

"अहो सर, मी..."

"रांगेत बोलायचं नाही! आकडा!"

"एक!" आत्या कडाडली. दोन, तीन, चार... सात चिमणी झाली. आकडे ओळीनं पुढे गेले, अकरावा गेला आणि रांग थांबली. सरांचा हात छातीकडे जाऊ लागला.

"बारा!" अण्णा संतापून ओरडले.