यंत्राने स्वतः सांगितलेले नाव

१९९५ साली आमच्या अंबरनाथच्या कार्यालयात संगणक आला आणि पाठोपाठ वरून एक प्रपत्र आले. त्यातला 'संगणकाच्या कार्यप्रणालीचे नाव' हा रकाना पंधरा दिवसांत भरून पाठवायचा होता. प्रपत्र वेळेत गेले तरच संगणकचालकाचे पद मंजूर होणार होते, आणि सहा वर्षे रोजंदारीवर टंकलेखन करणारी शालन त्या पदावर कायम होणार होती.

शालनने संगणक सुरू केला आणि कार्यप्रणालीचे नाव विचारणारी व्ही-ई-आर ही तीन अक्षरे टाइप करून कळ दाबली. पडद्यावर 'एमएस-डॉस, आवृत्ती ६.२२' असे उमटले. काम झाले, असे तिला वाटले. सहा वर्षे आमच्यात काढूनही ती भाबडीच राहिली होती.

हेडक्लार्क कमळाकर चष्मा पुसत म्हणाले, "हे कोणी सांगितलं?"

"त्यानंच, भाऊसाहेब. संगणकानं."

"म्हणजे स्वतःचं नाव स्वतःच सांगितलं. दाखला कुठाय?"

दाखल्यासाठी शालन उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या विक्रेत्याकडे गेली. "मशीन चालू है ना, बेटी? फिर नाव कशाला पायजे?" असे म्हणून त्याने तिला चहा पाजून परत पाठवले.

मग नियमाप्रमाणे त्रिसदस्य समिती नेमली गेली. तीत मीही होतो. तिघांनी वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांच्या नकळत, तीच तीन अक्षरे टाइप केली. तिन्ही वेळा शब्दशः तेच उत्तर आले. तिथे आमचा संशय बळावला. खरा माणूस तीनदा विचारले की तीन तऱ्हांनी सांगतो. 'साक्षीदार पढवलेला दिसतो' असा शेरा मारून आम्ही चौकशी होईपर्यंत संगणक सीलबंद केला.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी शालनने हात जोडले. मला तिची खरोखरच दया आली, म्हणून मी स्वतः उठून कार्यालयातल्या सामानाची नोंद असलेले डेडस्टॉक रजिस्टर काढले. त्यात संगणकासाठी वेगळे पान नसल्याने 'टाइपरायटर, मोठा, पडद्यासह' अशी नोंद होती आणि खाली साहेबांची सही होती. लेखी पुरावा मिळाला. तोच रकान्यात उतरवून प्रपत्र त्याच दिवशी धाडले.

महिन्याने उत्तर आले. कार्यालयात संगणक नसल्याने पद नामंजूर; मोठ्या टाइपरायटरसाठी रोजंदारीवर टंकलेखिका ठेवण्यास हरकत नाही. शालनला ठेवली आहे.

तुम्हाला हसू येत असेल. येऊ द्या. पण परवा आमच्या खिडकीपुढे तुम्ही स्वतः उभे होतात. तुम्ही म्हणजे तुम्हीच, असा नगरसेवकाचा दाखला तुम्ही अर्जाला जोडला होतात. आणि आम्ही मागितलीही नव्हती, ती त्याची दुसरी झेरॉक्ससुद्धा.