अभिप्रायार्थ सादर

मंत्री सोमवारी येणार होते आणि लिपिक प्रफुल्ल गांगुर्डे यांच्या खिडकीजवळच्या टेबलावर शुक्रवारी दुपारी एकेचाळीस फायली होत्या. कार्यक्षमता व सुधारणा हे नवंकोरं खातं, त्याचे नवेकोरे मंत्री, आणि पहिलाच दौरा नाशिकच्या या कचेरीत. ज्याच्या टेबलावर फाईल दिसेल त्याची रवानगी दूर डोंगरातल्या सुरगाण्याला, असं कचेरीप्रमुख शामसुंदर साहेबांनी सगळ्यांना बजावलं होतं.

प्रलंबित फाईल संपवायचे सरकारी कचेरीत दोन मार्ग असतात. एक म्हणजे काम करणं. दुसरा, ती 'अभिप्रायार्थ' दुसऱ्याकडे पाठवणं. तिथे पोचली की आपल्याकडे शून्य. त्या दिवशी अख्खी कचेरी दुसऱ्या मार्गाला लागली होती. प्रफुल्लरावांनी पाठवलेल्या फायली तासाभरात परत येत, वर दुसऱ्यांच्या चार घेऊन. शेवटी त्यांनी दुसऱ्यांच्या फायली परत धाडून आपल्या एकेचाळीसांचा गठ्ठा तिसऱ्या मजल्यावर, खुद्द मंत्र्यांच्या नव्या कक्षाकडेच अभिप्रायाला पाठवून दिला. तिथे फाईल पडून आहे असं म्हणायची कुणाची छाती होती?

सोमवारी मंत्री आले आणि रिकामं टेबल बघून प्रफुल्लरावांच्या पाठीवर थाप मारून गेले. त्या पाठीला मंगळवारी घाम फुटला, कारण दीपमाला आली.

दीपमाला ही रावजी शिपायाची बायको. रावजींनी वीस वर्षं प्रफुल्लरावांबरोबर डबा खाल्ला आणि ते नोकरीत असतानाच गेले. त्यांच्या जागी बायकोला नोकरी मिळावी म्हणून चार वर्षं फाईल फिरत होती.

"भाऊजी, फक्त साहेबांची सही राहिली म्हणाला होतात ना?"

"हो, म्हणजे, ती वर आहे."

"वर कशाला गेली? मला पुढच्या महिन्यात पंचेचाळीस पुरी होतात. मग नाव यादीतून गळतं."

घाईघाईत गठ्ठ्याबरोबर तिचीही फाईल गेली होती. प्रफुल्लराव रोज तिसऱ्या मजल्यावर चकरा मारू लागले. रोज उत्तर एकच, मंत्रीसाहेब दौऱ्यावर आहेत. तीन आठवडे असे गेले आणि एका बुधवारी बातमी आली की सरकारने ते खातंच रद्द केलं. कक्षाला कुलूप लागलं. दीपमालाला पंचेचाळीस पूर्ण व्हायला चार दिवस उरले होते.

"साहेब, फायली परत मागवू या," प्रफुल्लराव म्हणाले.

"कुणाकडून?" शामसुंदर साहेबांनी विचारलं. "जे खातंच नाही त्याला पत्र कुणाच्या नावे लिहायचं?"

त्या रात्री प्रफुल्लरावांचा डोळ्याला डोळा लागला नाही. रावजींच्या बायकोचं आपल्या हातून वाटोळं झालं, हेच डोक्यात फिरत होतं. सकाळी बारकू शिपाई म्हणाला, "वरच्या खुर्च्यांवर लय लोकांचा डोळा हाय. खालच्या मजल्यावाल्यांनी मागणी टाकली बी."

प्रफुल्लराव ताडकन उठले. बंद पडलेल्या कचेरीची फाईल हलत नाही, पण फर्निचर हलतं. त्यांनी तिथल्या फायलींच्या लोखंडी कपाटाची मागणी टाकली. अर्ध्या तासात मंजुरी आली आणि दुपारी चार जणांनी कपाट खाली आणलं. किल्ली नव्हती. बारकूने स्क्रूड्रायव्हर घालून दार उचकटलं, आणि एकेचाळीस फायली अंगावर आल्या.

चाळीस जशाच्या तशा होत्या. एकाच फायलीवर अभिप्राय होता, दीपमालाच्या. कार्यक्षमतेचं उदाहरण म्हणून मंत्र्यांनी त्या सोमवारीच जागच्या जागी आदेश काढला होता, 'अर्जदारास या कक्षात लिपिक म्हणून आजपासून नियुक्ती.'

"झालं," प्रफुल्लराव मटकन खाली बसले. "कक्षच नाही, तर नोकरी कसली?"

शामसुंदर साहेबांनी मात्र फाईल दोनदा वाचली. "उलट बरं झालं. खातं रद्द झालं की कर्मचारी अतिरिक्त ठरतो, आणि अतिरिक्ताला सामावून घ्यावंच लागतं. नियुक्तीला चार वर्षं लागतात, याला माझी एक सही. फक्त रिकामी जागा पाहिजे." त्यांनी कामाचा अहवाल काढला. "तुमच्या टेबलावर तीन आठवडे एकही फाईल नाही, गांगुर्डे. सुरगाण्याला एक लिपिक कमीच आहे."

चाळीस फायली आपल्याच आहेत एवढं बोललं की टेबल वाचत होतं. मात्र मग दीपमालासाठी जागा रिकामी होत नव्हती. दाराशी दीपमाला पिशवी छातीशी धरून उभी होती.

"टिपणी आणतो, साहेब," ते म्हणाले.

स्वतःच्या बदलीची टिपणी त्यांनी अकरा मिनिटांत टाईप केली. उभ्या नोकरीत इतक्या वेगाने त्यांनी काही केलं नव्हतं. सही होऊन नेमणुकीचा कागद दीपमालाच्या हातात पडला, तेव्हा तिने तो घडी घालून पिशवीत ठेवला. मग डोळे पुसून तिने विचारलं, "माझं टेबल कुठलं, भाऊजी?"

"ते खिडकीजवळचं," प्रफुल्लराव म्हणाले. "वारा चांगला येतो तिथे."