न दुखणारी दाढ

हणमंतमामा बोलण्याआधी वारा पाहायचे. खांद्यावरच्या पंच्याचं टोक हवेत धरायचं, ते कुठं हलतं ते बघायचं, आणि मग समोरच्याला सांगायचं, "तू त्या अंगास उभा राहा." घरात असले की आधी टेबलपंख्याचं तोंड फिरवायचे.

खोटं कशाला सांगू, त्यांच्या तोंडाला वास यायचा. चांगली आठ-नऊ वर्षं. कुंभकोणमच्या आम्हा मराठी लोकांच्या विठ्ठलमंदिरात भजनाला तेच पुढे असत. तिथून आपणहून शेवटच्या खांबाशी गेले आणि नुसते टाळ वाजवू लागले. कोणी त्यांना थांबवलं नाही. मीही नाही, याची मला लाज वाटते.

मामांचं निदान मात्र पक्कं होतं. "सारे पोटाचे!" त्यापायी त्यांनी कांदा सोडला, लसूण सोडला, दर शनिवारी एरंडेल घेतलं आणि शेवटी कॉफी सोडली. कॉफीसाठी नावाजलेल्या कुंभकोणमात कॉफी सोडलेला माणूस म्हटल्यावर लोक त्यांना मुद्दाम बघायला येऊ लागले. दातांचं नाव काढलं की मामा चिडत. "मज एक दात दुखत नाही. ती टोपी घातलेली दाढ, तीही गप्प आहे. गप्प बसलेलीस का छेडावे?"

मधल्या काळात मामीही वारली. यंदा मामांची लेक लक्ष्मी बाळंतपणाला पापनाशमहून माहेरी आली. मुलगी झाली. आमच्यात बाळाच्या कानात नाव घरातल्या थोरल्यानं सांगायचं. मामांनी ते कागदावर लिहून माझ्या हातात ठेवलं. "तू सांग. कोवळे लेकरू, तिज माझा श्वास नको."

लक्ष्मीनं कागद फाडला. "अप्पा, तुम्ही सांगणार नसाल तर पोर बिननावाची राहील."

मग मी मामांना दातांच्या डॉक्टरणीकडे नेलं. तिनं एक्स-रे काढला. टोपीखाली, दाढेच्या मुळाशी पू साठला होता. "आतली नस मेलीय, म्हणून दुखत नाही," ती तमिळमध्ये म्हणाली. "पू हिरडीतून थोडा थोडा झिरपतोय. सगळ्यांच्याच वासाचं कारण हे नसतं, पण तुमचं असावं."

दाढ काढली. पंधरवड्यानं मामांनी मला अंगणात उभं केलं आणि तोंडावर तीनदा फुंकर मारली. "खरे सांग!"

"काही नाही, मामा. लवंगेचा वास येतोय तेवढा."

विश्वास बसेना, म्हणून दारावर आलेल्या फुलवालीवरही फुंकर मारून झाली. ती शिव्या देत गेली, पण वासाबद्दल अवाक्षर बोलली नाही.

बारशाला मामा पाळण्यावर वाकले. नाव सांगून झालं तरी बराच वेळ वर आलेच नाहीत. बायका हसल्या. मग ते उठून तडक परसात गेले. मी मागोमाग गेलो. विहिरीच्या कठड्याला धरून ते उभे होते.

"दाढ काढणे अर्ध्या तासाचे काम होते रे," ते म्हणाले.

"झालं ना आता, मामा."

"तुझ्या मामीस शेवटी ऐकू येत नव्हते. अंथरुणावरून म्हणे, जवळ या, कानात सांगा. मी दारातून ओरडत असे. वास तिज सोसवणार नाही म्हणून." त्यांनी डोळे पुसले. "तिज वाटले, मी रागे भरतो. तेच मनात धरून ती गेली."